पाळी जाताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळचं सदर पूर्णपणे रजोनिवृत्तीवर आहे. पत्रं बडोद्यातली आहेत, नावं अर्थातच छापलेली नाहीत. ती वाचताना एक उलटा प्रकार सारखा दिसत होता. रात्रीचा घाम, कोरडेपणा अशा ज्या त्रासांवर सरळ उपाय आहे ते बायका वर्षानुवर्षं सोसतात. पाळी गेल्यावर पुन्हा दिसलेलं रक्त मात्र, जे एक आठवडाही अंगावर काढू नये, ते ‘या वयात चालायचंच’ म्हणून सोडून देतात. उत्तरांमध्ये औषधांची मात्रा दिली आहे ती डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. चिठ्ठीशिवाय दुकानातून गोळ्या आणायला तिचा उपयोग करू नये.

प्रश्न : वय 46. सहा-सात महिन्यांपासून पाळी कधी दोन महिन्यांनी येते, तर कधी पंधरा दिवसांत. रक्तातलं एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) तपासलं तर आधी 31 आलं, दोन महिन्यांनी 9. एक डॉक्टर म्हणाले पाळी जाते आहे, दुसरे म्हणाले अजून नाही. खरं काय धरायचं? (दांडिया बाजार)

दोघांचंही बरोबर आहे, चुकलं ते तपासणीवर विसंबणं. अंडाशयाचं काम नळ बंद केल्यासारखं एका दिवसात थांबत नाही. एखाद्या महिन्यात बीज तयारच होत नाही, मग मेंदूखालची पीयूष ग्रंथी जोर लावते आणि एफएसएच चढतं. पुढच्या महिन्यात बीज तयार झालं की ते पुन्हा उतरतं. तुमचे 31 आणि 9 हे अशा दोन वेगवेगळ्या दिवसांचे फोटो आहेत. म्हणूनच पंचेचाळिशीनंतर पाळीचं वेळापत्रक बिघडलं असेल, सोबत अंगातून उठणाऱ्या गरम वाफा किंवा घाम असेल, तर एफएसएच करण्याची गरजच नसते. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र ते हवंच, आणि तेही चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा. 40 ते 45 मध्ये डॉक्टर ठरवतात.

सलग बारा महिने पाळी आली नाही की मागे वळून म्हणायचं, ‘पाळी गेली’. आपल्याकडे हे सरासरी 46-47 व्या वर्षी होतं, युरोप-अमेरिकेत 51 च्या आसपास. त्याआधीचा अनियमित काळ साधारण चार वर्षांचा, काहींना आठ-दहा वर्षांचाही. तुम्ही आत्ता त्या काळात आहात.

पैसे खर्च करायचेच तर हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि साखर यांवर करा. थायरॉइड बिघडलं तरी पाळी हलते, धडधडतं, घाम येतो, झोप उडते. पाळी दोन महिने लांबली की लघवीची गर्भचाचणीही करा. हसू नका, 46 व्या वर्षी दिवस राहिल्याची उदाहरणं प्रत्येक दवाखान्यात असतात. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिने नोंद ठेवा : पाळी सुरू झाली ती तारीख, संपली ती तारीख, दिवसाला किती पॅड, गाठी पडल्या का, रात्री किती वेळा घामाने जाग आली. डॉक्टर पहिली पाच मिनिटं हेच विचारतात, आणि बहुतेकींना तेव्हा आठवत नाही.

प्रश्न : वय 51, पाळी जाऊन दीड वर्ष झालं. छातीपासून एकदम गरम वाफ उठते, मान-चेहरा लाल होतो, मग घामाने ब्लाउज ओला. रात्री तीन-चार वेळा. घरचे पंख्यावरून भांडतात. हे किती दिवस चालणार? हार्मोन घ्यायचे नाहीत. (रावपुरा)

किती दिवस याचं उत्तर फारसं आवडणार नाही. वाफांचा एकूण काळ सरासरी सात वर्षांच्या आसपास असतो, आणि ज्यांना पाळी जाण्याआधीपासूनच सुरू होतात त्यांना आणखी लांब. तेव्हा ‘सहा महिने कळ काढा’ हा सल्ला फसवा आहे.

होतं काय, तर मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचा तापमापक असतो. त्याच्याजवळच्या काही पेशींवर अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेन या हार्मोनचा ब्रेक असतो. इस्ट्रोजेन उतरलं की त्या पेशी बेभान होतात आणि तापमापक अतिशय हळवा बनतो. एरवी अर्धा अंश वर गेला तरी शरीर दखल घेत नाही. आता एवढ्याशा वाढीलाही ते आग लागल्यासारखं वागतं : कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात, घाम सुटतो, उष्णता बाहेर पडते, आणि दोन-चार मिनिटांत उलट थंडी वाजते. म्हणून रात्री चादर काढणं आणि ओढणं चालू असतं.

तापमान वाढवणारी जी कारणं आपल्या हातात आहेत ती आधी कमी करा. गरम चहा कोमट करून प्या. शेव-उसळीची तरी संध्याकाळी खाल्ली की रात्र वाईट जाते का, हे दोन आठवडे पाहा. सगळ्यांना तसं होत नाही, पण ज्यांना होतं त्यांना कारण लगेच सापडतं. दार-खिडकी बंद करून फोडण्या देऊ नका. रात्री सुती आणि दोन पातळ थरांचे कपडे, म्हणजे एक काढता येतो. पंखा स्वतःच्या बाजूला वेगळा, छोटा ठेवला की भांडण मिटतं. वजन जास्त असेल तर पाच-सात किलो उतरल्यावर वाफा कमी झाल्याचं दिसतं. विचार आणि झोप यांवर काम करणारी सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत वाफा थांबवत नाही, पण त्यांचा जाच आणि जागरण खरोखर कमी करते.

हार्मोनशिवायची औषधंही आहेत. व्हेन्लाफॅक्सिन 37.5 मिलिग्रॅमने सुरू करून 75 पर्यंत नेतात. पॅरॉक्सेटिनची 7.5 मिलिग्रॅम ही कमी मात्रा अमेरिकेत 2013 पासून याच कामासाठी मान्य आहे. ही मुळात नैराश्यावरची औषधं, त्यामुळे चिठ्ठी पाहून घरचे दचकतात. इथे ती तापमापकासाठी दिलेली असतात. परिणाम दोन ते चार आठवड्यांत कळतो. एकदम बंद करायची नाहीत, उतरवत आणायची. रात्रीच्याच वाफा असतील तर गॅबापेन्टिन 300 मिलिग्रॅम झोपताना देतात, सकाळी जरा झोपाळल्यासारखं वाटतं. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन नको, ते टॅमॉक्सिफेनचं काम अडवतं. फेझोलिनेटंट हे नवं औषध थेट त्या बेभान पेशींवर काम करतं. अमेरिकेत ते 2023 मध्ये मान्य झालं, पण ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात.

रात्रीचा प्रत्येक घाम पाळीचा नसतो, हेही लक्षात ठेवा. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी क्षयाची तपासणी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर घाम सुटतो त्या क्षणी साखर मोजा, ती उतरलेली असू शकते.

प्रश्न : वय 49, शाळेत शिकवते. पाळी जाऊन वर्ष झालं. वाफा, झोप नाही, वर्गात शब्द आठवत नाहीत. डॉक्टरांनी हार्मोनची जेल आणि कॅप्सूल लिहून दिली. वन्सं म्हणतात त्याने छातीचा कॅन्सर होतो. महिनाभर औषध कपाटात पडून आहे. (कारेलीबाग)

या भीतीचा उगम 2002 सालचा. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचा एक भाग तेव्हा मध्येच थांबवला गेला आणि जगभर मथळे झळकले. त्यात गर्भाशय असलेल्या सोळा हजारांवर स्त्रिया होत्या, सरासरी वय 63. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. औषध होतं घोडीच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनची गोळी आणि सोबत मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनची कृत्रिम नक्कल. स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण दहा हजार बायकांमागे वर्षाला 30 होतं ते 38 झालं. वाढ खरी आहे, पण ती दहा हजारांत आठ आहे. गर्भाशय काढलेल्या आणि नुसतं इस्ट्रोजेन घेतलेल्या स्त्रियांचा दुसरा भाग 2004 मध्ये थांबवला, कारण पक्षाघात वाढलेला दिसला. स्तनाचा कर्करोग त्यांच्यात वाढला नव्हता. हे दुसरं वाक्य कुठल्या वन्संच्या कानावर गेलं नाही, त्यात त्यांचा दोष नाही.

आज वापरतात ते एस्ट्राडायोल आपल्या अंडाशयातूनच निघणारं रसायन आहे, आणि कॅप्सूलमधलं मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनही शरीरातल्यासारखंच. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं, आणि खाली दिलेली कारणं नसतील, तर बहुतेकींच्या बाबतीत फायदा धोक्यापेक्षा जास्त पडतो. तुम्ही दोन्ही अटींत बसता. वाफांवर याच्याइतकं चालणारं दुसरं औषध नाही, आणि ते चालू असेपर्यंत हाडंही टिकतात.

कोणाला देत नाहीत : स्तनाचा कर्करोग झालेला, कारण न कळलेला रक्तस्राव, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेली, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, चालू असलेला यकृताचा आजार. रक्तदाब जास्त असेल तर तो आधी आटोक्यात आणतात. सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, स्तनांची तपासणी व मॅमोग्राफी, सोनोग्राफी, साखर, चरबी आणि यकृताची रक्ततपासणी झालेली असावी. तुमची झाली नसेल तर ती आधी करून घ्या.

आता कपाटातल्या जेलविषयी, कारण चुका इथेच होतात. गोळी पोटातून यकृतात जाते आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते. जेल कातडीतून सरळ रक्तात जाते, त्यामुळे गुठळीचा तो धोका टळतो. आपल्याकडे मिळणारी जेल सहसा 0.06 टक्क्यांची असते. ट्यूबसोबत एक मापपट्टी येते. तिच्या पूर्ण खाचेत 2.5 ग्रॅम जेल बसते, त्यात 1.5 मिलिग्रॅम एस्ट्राडायोल. डॉक्टरांनी अर्धी लिहिली असेल तर अर्धी खाच. अंघोळ करून अंग पूर्ण कोरडं करा, बडोद्याच्या दमट पावसाळ्यात पंख्याखाली दोन मिनिटं जास्त थांबा. मग ती मनगटापासून खांद्यापर्यंत हाताच्या आतल्या बाजूवर पातळ पसरा, किंवा मांडीच्या आतल्या बाजूवर. जितकी जागा जास्त, तितकं शोषण बरं. एका जागी क्रीमसारखी चोळत बसलात तर ती वरच राहते. वाळायला पाच मिनिटं द्या, मग बाही चढवा. तासभर ती जागा धुऊ नका, त्यावर पावडर किंवा लोशन लावू नका. स्तनांवर कधीही लावायची नाही. नंतर हात साबणाने धुवा, आणि वाळण्याआधी लहान मुलाला त्या हातावर घेऊ नका, औषध त्याच्या कातडीलाही लागतं.

कॅप्सूल गर्भाशयासाठी. नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि काही वर्षांत त्यात कर्करोग होऊ शकतो. प्रोजेस्टेरॉन ते थोपवतं. पाळी जाऊन वर्ष झालेल्यांना रोज रात्री 100 मिलिग्रॅम, अजून अधूनमधून पाळी येणाऱ्यांना महिन्यातले 12 ते 14 दिवस 200 मिलिग्रॅम अशी पद्धत आहे. तिने झोप येते, म्हणून रात्रीच घ्यायची. सकाळी घेऊन स्कूटरवर शाळेत निघालात तर पेंग येईल. जेल लावली आणि कॅप्सूल ‘गरम पडते’ म्हणून सोडली, ही सगळ्यांत महाग पडणारी चूक.

पहिले तीन-चार महिने थोडं स्पॉटिंग (रक्ताचे बारीक डाग) आणि छाती जड वाटणं चालतं. सहा महिन्यांनंतरही रक्त दिसत असेल तर दाखवायचं. तीन महिन्यांनी पहिली भेट, मग वर्षातून एकदा. कधी थांबवायचं याची ठरलेली तारीख नसते, दरवर्षी पुन्हा हिशेब मांडायचा. शब्द न आठवण्याचं म्हणाल तर त्यात न झालेल्या झोपेचा वाटा मोठा असतो. झोप परतली की तेही बरंच सुधारतं.

प्रश्न : आईचं वय 57. पाळी जाऊन चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात एक दिवस साडीला थोडासा डाग दिसला, मग काही नाही. आई म्हणते, उष्णतेने झालं असेल. (मांजलपूर)

याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. एकदाच, एकच थेंब, गुलाबी किंवा तपकिरी असला तरी. पाळी गेल्यानंतरचं रक्त हे सुमारे दहापैकी एकीत गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचं निघतं. उरलेल्या नऊ जणींत कारण साधं असतं : पातळ झालेलं अस्तर, अस्तरावरचा छोटा कोंब (पॉलिप), एखादं औषध. पण आपली आई नऊंतली की दहावी, हे बाहेरून कळत नाही.

आत घालून करायची सोनोग्राफी होते. अस्तराची जाडी 4 मिलिमीटर किंवा कमी असली की बहुतेक वेळा निश्चिंत होता येतं, त्याहून जास्त असली किंवा रक्त पुन्हा आलं की बाह्यरुग्ण विभागातच बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेतात. पाळीच्या दुखण्यासारखी कळ येते, दहा मिनिटांत घरी. हा कर्करोग लवकर रक्त दाखवतो, त्यामुळे लवकर सापडतो आणि बहुधा पूर्ण बरा होतो. आईला तपासणीची लाज वाटत असेल तर सोबत आत जा. वजन जास्त, मधुमेह किंवा टॅमॉक्सिफेन यांतलं काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

प्रश्न : वय 45. नवरात्रात घट आणि गरबा, म्हणून दरवर्षी पाळी पुढे ढकलायची गोळी घेते. गेल्या वर्षी गोळी चालू असतानाच रक्त आलं, मग बारा दिवस थांबेना. यंदा डोस वाढवू का? (बाजवाडा)

नको. दुकानातून आणतात ती नॉरएथिस्टेरॉन 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. ती पाळी येण्याच्या तीन दिवस आधी सुरू करायची असते आणि सगळी गोम इथे आहे : या वयात पाळी कधी येणार हेच ठाऊक नसतं. अस्तर आधीच गळायला लागलं असेल तर गोळी ते धरून ठेवू शकत नाही. शिवाय या मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणजे गुठळीचा धोका येतोच. कधी पायात गुठळी झालेली असेल, डोळ्यांपुढे रेषा चमकून अर्धशिशी उठत असेल, यकृताचा आजार असेल, तर ही गोळी अजिबात नाही. देवीला चालतं की नाही हा तुमच्या घरचा प्रश्न. पण घट बसवायला जाऊबाई किंवा लेक चालत असेल तर तो पर्याय गोळीपेक्षा सुरक्षित आहे.

बारा दिवसांच्या रक्तस्रावाचं वेगळं पाहायला हवं. तासाला एक पॅड असं सलग काही तास भिजणं, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी, सात दिवसांहून लांबणं, यांतलं काहीही जास्तच धरतात. पंचेचाळिशीनंतर अशा वेळी सोनोग्राफीसोबत अस्तराचा तुकडा तपासतात. रक्त कमी करायला ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड 500 मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, फक्त जास्त जायच्या दिवसांत, चार-पाच दिवसच. गुठळीचा इतिहास असेल तर हेही नाही. दीर्घकाळासाठी 52 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली हार्मोनची तांबी उत्तम : रक्त खूप कमी होतं, गर्भनिरोध होतो, आणि पुढे इस्ट्रोजेन घ्यावं लागलं तर अस्तराचं रक्षणही तीच करते. पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला आणि या दोन गोष्टींचा उल्लेखही झाला नसेल तर दुसरं मत घ्या. हिमोग्लोबिन पाहून लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा आणि गोळीत किमान तासभराचं अंतर.

प्रश्न : सौ.चं वय 54. दोन वर्षांपासून संबंधाच्या वेळी दुखतं, म्हणून टाळते. वर्षात चार वेळा लघवीची आग आणि अँटिबायोटिक झाली. ती डॉक्टरांशी बोलायला संकोचते, म्हणून मी लिहितो आहे. (अलकापुरी)

तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत. दुखणं आणि वारंवार होणारा लघवीचा संसर्ग यांचं मूळ एकच आहे. इस्ट्रोजेन गेल्यावर योनीचं आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ होतं, ओलावा जातो, आतलं आम्ल कमी होतं आणि उपयोगी जंतूंच्या जागी आतड्यातले जंतू येऊन बसतात. वाफा काही वर्षांनी आपोआप ओसरतात. हा कोरडेपणा उलट वाढत जातो.

उपाय साधा आणि स्वस्त आहे, योनीत लावायचं इस्ट्रोजेन. एस्ट्रिऑलची क्रीम (ग्रॅमला 1 मिलिग्रॅम) घेतली तर नळीवर खूण असते, तिथपर्यंत अर्धा ग्रॅम भरायची. झोपताना आडवं पडून, गुडघे दुमडून, नळी आत सरकवून दट्ट्या सावकाश दाबायचा. दोन ते तीन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, आणि हे दोनदा चालूच ठेवायचं. बरं वाटलं म्हणून बंद केलं की दोन-तीन महिन्यांत परत पहिल्यासारखं. थोडी क्रीम बोटाने मूत्रद्वाराच्या आसपासही लावावी. नळी कोमट पाण्याने धुऊन ठेवा, उकळू नका, वाकडी होते. रक्तात इतकं कमी जातं की सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. स्तनाचा कर्करोग झाला असेल तर मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच.

फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोपर्यंत संबंधाच्या वेळी पाण्याचा आधार असलेलं वंगण वापरा आणि घाई करू नका. आतून साबण, अँटिसेप्टिक किंवा सुगंधी वॉश पूर्ण बंद, त्यांनी कोरडेपणा वाढतो. संसर्गाची शंका आली की अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) द्या. चारपैकी किती वेळा खरंच जंतू होते, हे त्याशिवाय कळणार नाही. नुसत्या कोरडेपणानेही आग होते.

प्रश्न : वय 41. तीन वर्षांपूर्वी फायब्रॉइडसाठी (गर्भाशयातल्या साध्या गाठी) पिशवी काढली. तेव्हापासून वाफा, सांधे दुखतात, संबंधाची इच्छा नाही. डॉक्टर म्हणाले, पिशवी गेली की असं होतं. (प्रतापनगर)

नुसती पिशवी गेली की असं होत नाही, दोन्ही अंडाशय गेले की होतं. ऑपरेशनची डिस्चार्ज समरी आणि तुकड्याचा पॅथॉलॉजी अहवाल काढा. त्यात दोन्ही अंडाशय काढल्याचा उल्लेख असेल तर तुमची रजोनिवृत्ती 38 व्या वर्षी, एका दिवसात झाली आहे. अंडाशय ठेवले असतील तरी त्यांचं काम लवकर थांबू शकतं, आणि पाळीच नसल्याने कळायला मार्ग नाही. तुमच्यासारखीला एफएसएच तपासणं खरोखर कामाचं.

अशा तरुण वयात हार्मोन देणं हा वाफांपुरता विषय राहत नाही. इतकी वर्षं इस्ट्रोजेनविना गेली तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून दुसरं कारण आड येत नसेल तर निदान नैसर्गिक वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपासपर्यंत ते देतात. मात्रा बहुधा पन्नाशीतल्या बाईपेक्षा जास्त लागते. पिशवी नसल्याने प्रोजेस्टेरॉन सहसा लागत नाही. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणं) होतं का, हे मात्र अहवालात पाहावं, तसं असेल तर ते देतात. 2002 च्या अभ्यासाची भीती तुम्हाला लागूच होत नाही. शरीरात जे असायला हवं होतं तेच परत ठेवलं जातंय.

प्रश्न : वय 53. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीची पावडर दिली. दोन महिने रोज एक पुडी दुधातून घेते, सोबत कॅल्शियमच्या दोन गोळ्या. आता मळमळ, बद्धकोष्ठ आणि खूप तहान. (गोत्री)

पुडी आजच थांबवा आणि उद्या रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या. कॅल्शियमच्या गोळ्याही तोवर बंद. त्या पुडीत 60,000 युनिट असतात. ती आठवड्यातून एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक अशी घ्यायची असते. रोजची गरज 600 युनिटची, म्हणजे तुम्ही रोज शंभर दिवसांचं एकदम घेतलंत. ही चूक फार सर्रास होते, कारण चिठ्ठीवर ‘आठवड्याला 1’ हे वळणदार अक्षरात असतं आणि दुकानदार तोंडी सांगत नाही. तुमची लक्षणं कॅल्शियम वाढल्याची आहेत. उलट्या किंवा गुंगी असेल तर थेट दवाखान्यात जा.

पाळी गेलेल्या स्त्रीला दिवसाला 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. त्यातलं किती पोटात जातंय ते आधी मोजावं. पाव लिटर दूध 300, वाटीभर दही 200 च्या आसपास, 50 ग्रॅम नाचणीचं पीठ 180. उत्तरायणाला खातो त्या तिळाचा एक मोठा चमचा शंभरेक, पण त्यातलं सगळं अंगी लागत नाही. बाजरीच्या भाकरीवर भिस्त ठेवू नका, 100 ग्रॅममध्ये जेमतेम 30 मिलिग्रॅम. चहातल्या दुधाला हिशेबात धरू नका. उरेल तेवढीच गोळी, एका वेळी 500 मिलिग्रॅमपर्यंत. गोळी कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर जेवणाबरोबर, सायट्रेटची असेल तर केव्हाही. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर, लोहाबरोबर नाही.

गुडघेदुखी ही बहुधा कूर्च्याची झीज असते, हाडांच्या ठिसूळपणाचा त्याच्याशी संबंध नाही. ठिसूळ हाड मोडेपर्यंत दुखतच नाही. ते हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कळतं. तिच्यातला टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी केलेली तुलना) उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. मग आठवड्याला एक अ‍ॅलेन्ड्रोनेट 70 मिलिग्रॅम देतात : सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याचा पूर्ण पेला, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहाही नाही. गोळी घेऊन पुन्हा पांघरुणात शिरलात तर ती अन्ननलिकेत चिकटून जखम करते.

प्रश्न : शतावरी, अश्वगंधा किंवा टीव्हीवरची ‘लेडीज’ पावडर घेतली तर चालेल? (वाडी)

सोयाबीनने काहींच्या वाफा थोड्या कमी होतात, रोज वाटीभर खायला हरकत नाही. शतावरीचा वाफांवर ठोस पुरावा नाही. अश्वगंधा आणि ब्लॅक कोहोश ही परदेशी वनस्पती घेतल्यावर यकृताला सूज आल्याची नोंद आहे, आणि अश्वगंधा थायरॉइडही हलवते. डब्यावर घटक आणि त्यांचं प्रमाण छापलेलं नसेल तर तो डबा घरात आणू नका. जाहिरातीतल्या पावडरीने चार दिवसांत सगळे सांधे मोकळे झाले तर त्यात स्टेरॉइड असल्याची शंका घ्यावी.

प्रश्न : वय 48, आठ महिने पाळी नाही. तांबी काढून टाकू का? (फतेहगंज)

इतक्यात नाही. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं गर्भनिरोध चालू ठेवतात, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष. तांब्याची कॉपर-टी चाळिशीनंतर बसवलेली असेल तर तिची छापील मुदत संपली तरी ती पाळी जाईपर्यंत ठेवता येते. पण मग काढायची नक्की. दोन लेकरांनंतर बसवलेली आणि पार विसरून गेलेली तांबी साठीतल्या सोनोग्राफीत सापडते, तेव्हा गर्भाशयाचं तोंड आक्रसलेलं असतं, दोरा वर गेलेला असतो, आणि दोन मिनिटांच्या कामाला भूल द्यावी लागते. काढायची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.